शेळ्यांच्या शेडवर बॉर्डर कॉली की कारवानी?

सासवड, भोर नाहीतर मुळशीकडे थोडी जमीन घेतली, चार शेळ्या बांधल्या की पुण्यातली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. कॉली म्हणजे मेंढ्या वळवणारा विलायती कुत्रा, कारवानी म्हणजे आपला देशी शिकारी कुत्रा, आणि आमच्या सासवडच्या शेडवर दोन्ही आहेत म्हणून लिहितोय. उंची, वजन, खाणं तुम्ही बघितलेलंच असणार, ते सोडून देतो.

कॉलीच्या हुशारीबद्दल वादच नाही, आणि त्याच्या घराण्याचा इतिहास तर वाचत बसावा असा. ज्याला ह्या जातीचा मूळपुरुष मानतात तो ओल्ड हेम्प १८९३ चा, इंग्लंडच्या नॉर्थंबरलंडमधल्या अ‍ॅडम टेल्फरचा, भुंकणं नाही चावणं नाही, नुसत्या नजरेनं मेंढ्या हलवायचा. १९०६ साली स्कॉटलंडमध्ये इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी निघाली. तिथे कुत्रा दिसतो कसा हे कुणी विचारत नाही, काम बघतात, अगदी आईबापाची नोंद नसलेल्या कुत्र्यालाही कामाच्या जोरावर रजिस्टरमध्ये जागा मिळू शकते. मग १९७६ ला ब्रिटनच्या केनेल क्लबनं आणि १९९५ ला अमेरिकन केनेल क्लबनं ही जात आपल्या नोंदवहीत घेतली. अमेरिकेत मेंढ्या राखणाऱ्या लोकांनी कडाडून विरोध केला होता, रूपावर निवड सुरू झाली की काम मागे पडणार म्हणून.

आता आपल्याकडे केसीआयच्या, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, कागदासकट मिळणारी पिल्लं, निदान मी पाहिली ती, सगळी शोवाल्या, म्हणजे दिसण्याच्या स्पर्धेसाठी वाढवलेल्या, बाजूची. कागदावर पिढ्या आहेत, नावाआधी चॅम्पियन आहे, पण त्यातल्या कुणी कधी मेंढी वळवली का ते कुठेच नाही. आणि शोसाठी जपलेले ते दाट लांब केस! पाऊस सरला की आमच्या माळावर कुसळी गवत वाळतं, आणि रोज संध्याकाळी कॉलीला उताणा पाडून बॅटरीच्या उजेडात बोटांच्या बेचकीतून, काखेतून, कानामागून कुसळं काढत बसायचं. एक जरी राहिलं तरी ते मागे येत नाही, आतच सरकतं, मग पू, मग डॉक्टर. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं, उन्हाळ्यात दुपारभर पंखासुद्धा, पण ह्या कुसळांनी जीव नको केला.

कारवानीच्या अंगावर कुसळ टिकतच नाही. आखूड केस, हात फिरवला की झालं. मुधोळच्या मालोजीराव घोरपडे राजांनी ही जात सांभाळली, पंचम जॉर्जला जोडी भेट दिली, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावरही आली. कागदांचा घोळ इथेही आहेच. ह्याच जातीचं नाव केसीआयकडे कॅरॅव्हान हाउंड, इंडियन नॅशनल केनेल क्लबकडे मुधोळ हाउंड, त्यामुळे शोला न्यायचा असेल तर कुठला कागद लागेल ते आधी विचारून घ्या. मी मात्र कागद मागितलाच नाही, मालकाच्या वस्तीवर जाऊन आईबाप दोघं रानात बघितले आणि पिल्लू उचललं.

अर्थात शेळ्या वळवायची अपेक्षा कारवानीकडून ठेवू नका, ते कॉलीचंच काम. हा राखण करेल, अनोळखी माणसाला अंगाला हात लावू देणार नाही, आणि ससा दिसला की तुमची हाक त्याच्या कानात शिरणार नाही, म्हणून कुंपण आधी, कुत्रा नंतर. शंभर शेळ्या रोज चरायला सोडणार असाल आणि संध्याकाळी कुसळं काढायला घरात माणूस असेल तर कॉली जरूर घ्या. दहा-पंधरा शेळ्या आणि रात्रीची राखण एवढंच असेल तर माझं मत विचाराल तर कारवानी.