स्ट्रोब ट्यूनर, आठ महिन्यांनंतर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गिटार आणि बास गिटारसाठी पीटरसनचा स्ट्रोबोक्लिप एचडी हा स्ट्रोब ट्यूनर घेतला. आधी पाच वर्षं एक साधा क्लिप ट्यूनर होता. सगळ्या तारांवर हिरवा दिवा लागायचा, तरी वरच्या फ्रेट्सवर कॉर्ड धरली की कानाला खुपायचं. चूक माझ्या बोटांची असेल असं मी बराच काळ मानत होतो. खरं कारण इन्टोनेशनचं होतं (मोकळी तार सुरात, पण फ्रेटवर दाबलेला स्वर बेसूर), आणि तो हिरवा दिवा दोन-तीन सेंटचा फरक सहज पोटात घालत होता. (एका सेमीटोनचे, म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेट्समधल्या अंतराचे, १०० सेंट.)

स्ट्रोबची कल्पना जुनी आहे. १९३६ मध्ये कॉन कंपनीचा स्ट्रोबोकॉन आला, त्यात फिरत्या चकत्यांवर स्वराच्या गतीने लुकलुकणारा दिवा पडायचा. स्वर जुळला की चकतीवरची नक्षी थांबलेली दिसायची. आजच्या स्क्रीनवर तेच पट्टे दिसतात, तार चढी असेल तर एकीकडे धावतात, उतरलेली असेल तर उलट. अचूकता ०.१ सेंट.

पहिले पंधरा दिवस वैतागलो. पट्टे थांबतच नव्हते! मग लक्षात आलं की तारच थांबत नाही. जोरात छेडली की सुरुवातीला स्वर थोडा चढतो आणि मग खाली बसतो. साध्या सुईवर हे कळत नाही, इथे डोळ्यांसमोर दिसतं. आता मी वाजवताना जेवढा जोर लावतो तेवढ्याच जोराने छेडून जुळवतो, आणि खालून वर चढवत आणतो, म्हणजे खुंटीत ढिलाई राहत नाही.

खरा फायदा बासवर झाला. बासची मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची, तिथे एक सेंट म्हणजे जेमतेम ०.०२४ हर्ट्झ. मोकळ्या तारेवर पट्टे डळमळतात, म्हणून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर) घेतो, चित्र लगेच स्थिर होतं. नव्या तारा चढवून एका संध्याकाळी चारही सॅडल (तार जिथे टेकते ते ब्रिजवरचे सरकते तुकडे) लावले. हार्मोनिकपेक्षा त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल मागे, उतरलेला आला तर पुढे, आणि प्रत्येक वेळी तार पुन्हा जुळवायची. माझी ई तार सहा सेंट चढी निघाली! इतकी वर्षं वरच्या फ्रेट्सवर मी तसाच वाजवत होतो, याचं वाईट वाटलं.

यात ‘स्वीटन्ड’ ट्यूनिंग्जही आहेत, कॉर्ड गोड लागावी म्हणून काही तारा सेंट-दोन सेंट उतरत्या ठेवणारी. तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा गांधार ऐकलेल्यांना यामागचं कारण पटेल: तो गांधार गिटारच्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो. एकट्याने ॲकूस्टिक वाजवताना मी ते लावतो. कीबोर्ड सोबत असेल तर सगळे सेमीटोन सारखे ठेवणारं साधं समान ट्यूनिंगच, नाहीतर दोघांचं पटत नाही.

फक्त कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे जुळवण्यासाठी हवा असेल तर साधा ट्यूनर पुरे, कारण घाईत धावते पट्टे वाचणं जमत नाही. पण बास वाजवत असाल किंवा सेटअप स्वतः करत असाल, तर हाच घ्या. आमच्या तालमीतल्या पेटीचा ए स्वर नेहमीच्या ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झच्या आसपास आहे. ट्यूनरचा आधारस्वर तिथे नेऊन ठेवलाय, आणि आता भजनाच्या वेळी बास पेटीखाली नीट बसतो.