एंडोमोटर, अकरा महिने: टॉर्क विसरणारं यंत्र

रूट कॅनॉल करताना फाइल फिरवणाऱ्या या मोटरबद्दल दोन महिन्यांत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. हातानं के-फाइल (मुळातली नळी खरवडायची बारीक सुई) फिरवून अंगठा सुजायचा, तो थांबला. परभणीत मे महिन्यात, लाईट गेलेली असताना, बॅटरीवर दाढ उरकते हे सुख वेगळंच.

मग गेल्या आठवड्यात एक काका आले. मीच रूट कॅनॉल केलेला वरचा प्रीमोलर, म्हणजे दाढांच्या पुढचा दात. गालाकडच्या बाजूला एकाच जागी प्रोब (हिरडीची खोली मोजायची सळई) खोल उतरला, बाकी हिरडी घट्ट. एक्स-रेत मुळाच्या कडेनं वर वळलेली काळी छाया. मूळ उभं चिरलं होतं.

"डॉक्टरसाहेब, सुपारी तर कवाच सोडली की ओ," काका म्हणाले. मी मोटरकडं बघत होतो.

कारण हिचा एक रोग: बॅटरी पूर्ण उतरली की माझं सेटिंग पुसतं आणि टॉर्क (फाइल किती जोरानं फिरू द्यायची ती मर्यादा) फॅक्टरीच्या आकड्यावर, म्हणजे माझ्या दुपटीवर. आवाज नाही, इशारा नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "सर, तेवढं दरवेळी बघायचंच असतं." एवढे पैसे मोजून आम्हीच बघायचं! स्वस्तातल्या भिंतीवरच्या घड्याळाला तरी वेळ लक्षात राहते.

रागात तीन तारे कापले, दोनच ठेवले आणि वाचायला बसलो. 2009 च्या प्रयोगांत काढलेल्या दातांची मुळं आडवी कापली, तेव्हा रोटरीवाल्यांत, म्हणजे मोटरनं केलेल्यांत, चिरा दिसल्या, हातानं केलेल्यांत नाहीत. झालं, मोटरच दोषी. पण 2014 साली, दात न कापता आतलं दाखवणाऱ्या मायक्रो-सीटी स्कॅनवर प्रत्येक दात फाइल घालण्याआधी आणि नंतर तपासला, तर नंतर दिसलेली प्रत्येक चीर आधीच्या स्कॅनमध्येही होती. म्हणजे कापण्या-वाळण्यानंच चिरा पडल्या असण्याची शक्यता मोठी.

मग स्वतःचं कार्ड काढलं. त्या बारक्या मुळात मी 9 टक्के टेपरची, म्हणजे वर झपाट्यानं जाड होत जाणारी फाइल शेवटपर्यंत घातली होती, डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) खरवडून. आणि कॅप? "कापूस विकून पट्टी आली की बसवू," काका म्हणाले होते, मीही मान डोलावली होती. सहा महिने ज्वारीची कडक भाकरी त्याच दातावर.

त्यामुळं एक तारा परत देतो, तीन झाले. टॉर्कचे दोन मात्र कापलेलेच राहतील. आता मोटरवर चिकटपट्टी लावलीय आणि सिस्टर प्रत्येक पेशंटआधी कंडक्टरसारखी आकडा ओरडते. काकांकडून दात काढायचे पैसे घेतले नाहीत. ते मी मोटरच्या किमतीत धरलेत.