लिफ्टचा बॅटरी बॅकअप, देवपूर धुळे: मशीन चांगलं, पण मतदानात पडलं होतं

आमच्या अपार्टमेंटमध्ये लिफ्टला इन्व्हर्टर बसवून चार महिने झाले, आख्खा मे यावरच निघाला म्हणून लिहितोय. लिफ्टला एआरडी आधीपासून होतं, पण ते काय करतं तर लाईट गेली की जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडतं, पुढे पायऱ्याच. आता लाईट गेली तरी लिफ्ट चालते, आमच्याकडे सलग दहा-बारा फेऱ्या आरामात झाल्या. बॅटऱ्या मात्र उन्हात नका ठेवू, धुळ्याच्या उन्हात पाणी भराभर आटतं.

खर्च २,४०,०००. फ्लॅट १२, म्हणजे प्रत्येकी २०,०००. मीटिंगमध्ये हात वर केले तर ७ विरुद्ध ५, नामंजूर. पहिल्या-दुसऱ्या मजल्याचे सहा आणि तिसऱ्यावरचा एक बंद फ्लॅट, मालक नाशिकला. पहिल्या मजल्यावरचे आबा म्हणाले, "आमले काय करनं शे लिफ्टनं? पायऱ्या शेतस ना." त्यांच्या जागी ते बरोबरच होते. पण माझी आई ७८ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, आम्ही चौथ्यावर, लाईट गेली की ती दवाखान्यातही जाऊ शकत नव्हती, आणि तिचं मत नि बंद फ्लॅटचं मत सारखंच मोजलं गेलं याचं मला फार वाईट वाटलं.

मी कॉलेजला इकॉनॉमिक्स शिकवतो म्हणून चिठ्ठ्या वाटल्या, तुम्हाला याची किती रुपयांची गरज वाटते ते लिहा. वरचे पाच साधारण ६०,०००, खालचे सात ७,०००. बेरीज ३,४९,०००, खर्चापेक्षा लाखभर जास्त (चिठ्ठीत सगळे खरंच लिहितात असं नाही, पण फरक एवढा मोठा होता की थोडं इकडेतिकडे चाललं असतं). म्हणजे सगळ्यांचा मिळून फायदा असलेलं काम बहुमताने पाडलं, कारण हात वर करताना किती गरज आहे हे मोजलंच जात नाही. उलटही होतं, सात जणांना थोडंसं हवं असलेलं महागडं काम पाचांच्या पैशावर पास होतं.

स्वीडनचे अर्थतज्ज्ञ क्नुट विक्सेल १८९६ मध्येच सांगून गेलेत की खर्च मंजूर करताना तो कोण किती भरणार हेही त्याच मतदानात ठरवा, काम खरंच फायद्याचं असेल तर जवळपास सगळे हो म्हणतील अशी वाटणी सापडते. १९८६ चे नोबेलवाले जेम्स ब्यूकॅनन विक्सेलला फार मानायचे. आम्ही तेच केलं, वरच्यांनी स्वखुशीने ४१,००० आणि खालच्यांनी ५,०००, बाराच्या बारा हात वर, नाशिकवाल्यांनी फोनवर होकार दिला.

मशीनला ४ स्टार. सर्व्हिसला २, मुलगा तीन दिवस उशिरा आला आणि डिस्टिल्ड वॉटर आम्हालाच आणायला लावलं, कोटेशन घेताना हे आधीच लिहून घ्या.