उजेड देणारे जिवाणू, आठ महिने: सगळं छान, फक्त तो थंड ब्लॉक

परवा सर्व्हिसवाल्याशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं, म्हणून लिहायला बसले. बेळगावच्या उद्यमबागेत आमची पाणी तपासायची छोटी लॅब आहे. प्लेटिंगवाले, फाउंड्रीवाले कॅन भरून सांडपाणी आणतात. अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी या उजेड देणाऱ्या जिवाणूंवर चालणारं यंत्र घेऊन आठ महिने झाले. पाण्यात विष असलं की या जिवाणूंचा उजेड मंदावतो, त्यावरून पाणी किती विषारी ते कळतं.

माझी तक्रार थंड ब्लॉकची, म्हणजे नळ्या गार ठेवणाऱ्या ठोकळ्याची. आयएसओ ११३४८ या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपद्धतीप्रमाणे चाचणी १५ अंशांवर व्हायला हवी. एप्रिलमध्ये ब्लॉक १९ वर जाऊन बसला. कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी नमुना न घातलेल्या नळीतलाच उजेड ढासळला, अख्खी चाचणी बाद. जिवाणूंची फोडलेली कुपी उद्यासाठी ठेवता येत नाही. अशा दोन कुप्या ओतून दिल्या, जीव तुटला. कंपनीचा माणूस म्हणे, "मॅडम, मशीन पुण्याला पाठवा." वॉरंटी असून वाहतूक आमच्या माथी!

शेवटी मागची जाळी आम्हीच खोलली. पंख्याच्या पात्यांवर फाउंड्रीच्या काळ्या वाळूची धूळ, तेलकट, बोटाला चिकटणारी. रंगाच्या ब्रशने झाडली आणि तासाभरात ब्लॉक १५ वर आला. हे फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. माहितीपुस्तकात जाळी साफ करण्याबद्दल एक ओळ नाही.

सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत होते, जस्त याला कळत नाही. ते मत मागे घेते. मी ५ मिनिटांवर आकडा घेत होते. फिनॉल तेवढ्यात दिसतं, धातूंना वेळ लागतो. लिटरला २.२ मिलिग्रॅम जस्ताने ३० मिनिटांत उजेड २० ते ८० टक्के घटला पाहिजे, ही प्रमाणपद्धतीतलीच कसोटी. आता जिवाणूंचा प्रत्येक नवा लॉट त्यावर तपासून घेते.

आणि एका नमुन्याने तर पैसे वसूल केले. क्रोमियम, जस्त मर्यादेत, पीएच ठीक, तरी उजेड निम्म्यावर. कारखान्याचे मालक म्हणाले, "ताई, पुन्हा बघा." पुन्हा तेच. मग एकेका टाकीचं पाणी वेगळं लावलं, तेव्हा दोषी सापडली ती डीग्रीझिंगची, म्हणजे भागांवरचं तेल-ग्रीस काढायची टाकी. माशांवरच्या चाचणीला ९६ तास लागतात, इथे दुपारच्या जेवणाआधी उत्तर हातात.

दर शनिवारी जाळी झाडते. वाहतुकीचं बिल मात्र मी भरणार नाही, तसं त्यांना लेखी कळवलंय.