दुसऱ्या दुकानाला तेच नाव की नवे? यम, मॅकडोनाल्ड्स आणि रेबेलच्या तीन वाटा

माझ्या मावसभावाची कर्वेनगरात आणि सिंहगड रस्त्यावर मिसळीची दोन दुकाने आहेत. दोन्ही चालतात. आता बाणेरला एक गाळा मिळतोय आणि त्याच्यासमोर तीन पर्याय आहेत. एक, मिसळीचेच तिसरे दुकान. दोन, वेगळ्या नावाने मटण थाळी. तीन, आहे त्याच भटारखान्यातून ॲपवर चार नावांनी पार्सल. गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "दादा, ते केएफसी आणि पिझ्झा हट एकाच कंपनीचे आहेत म्हणे. त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही?"

मी वीस वर्षे पुण्यातल्या हॉटेलवाल्यांचे हिशेब लिहितो. त्याचा प्रश्न मला रास्त वाटला. त्याच्यासारख्या अनेकांपुढे आज हाच प्रश्न आहे, म्हणून या तीन वाटा शेजारी-शेजारी ठेवून पाहतो.

यमची वाट: नावे अनेक, दारे वेगळी

यम ब्रँड्स ही अमेरिकेतल्या लुईव्हिलची कंपनी. केएफसी, पिझ्झा हट, टाको बेल आणि हॅबिट बर्गर ही तिची नावे. यातले एकही यमने शून्यातून उभे केलेले नाही. कर्नल सँडर्स यांनी केएफसीची पहिली फ्रँचायझी, म्हणजे आपले नाव आणि पाककृती वापरायची परवानगी, १९५२ साली युटा राज्यात दिली. कार्नी बंधूंनी १९५८ साली विचिटा शहरात पिझ्झा हट काढले, तर ग्लेन बेल यांनी १९६२ साली कॅलिफोर्नियात टाको बेल. पेप्सिकोने ही तिन्ही नावे १९७७ ते १९८६ या काळात विकत घेतली आणि १९९७ साली त्यांची ट्रायकॉन नावाची वेगळी कंपनी केली. २००२ पासून तिचेच नाव यम. म्हणजे प्रत्येक नाव आधी स्वतःच्या पायावर उभे राहिले आणि मग एका घरात आले. मावसभावाला हा क्रम मी दोनदा सांगितला, कारण तो नेमका उलट्या क्रमाने निघाला होता.

एका घरात आल्यावरही त्यांची चूल एक झाली नाही. टाको बेलचे मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला, पिझ्झा हटचे टेक्सासमधल्या प्लेनोला. केएफसीचे अमेरिकेतले कार्यालय लुईव्हिलला होते. तेही प्लेनोला हलवायचे हे २०२५ मध्ये ठरले. प्रत्येक नावाला स्वतःचा प्रमुख, स्वतःची पाककृती, स्वतःची जाहिरात.

मग सामाईक काय? जे गिऱ्हाइकाला दिसत नाही ते. १९९९ साली यम आणि तिच्या अमेरिकेतल्या फ्रँचायझीधारकांनी मिळून खरेदीची एक सहकारी संस्था काढली. कोंबडी, चीज, तेल, खोकी यांची खरेदी ती सगळ्या नावांसाठी एकत्र करते. दूध संघ किंवा साखर कारखाना जवळून पाहिलेल्या माणसाला यातली ताकद समजावून सांगावी लागत नाही. अलीकडे ऑर्डर घेण्याचे, स्वयंपाकघराचे आणि डिलिव्हरीचे सॉफ्टवेअरही सगळ्या नावांसाठी एकच करण्याचे काम यमने हाती घेतले आहे.

ही शिस्त मोडून पाहिली तेव्हा काय झाले तेही बघा. अमेरिकेत एकाच छपराखाली पिझ्झा हट आणि टाको बेल, किंवा केएफसी आणि टाको बेल अशी जोडदुकाने यमने मोठ्या उत्साहाने काढली. त्याच जोरावर २००२ मध्ये लाँग जॉन सिल्व्हर्स आणि ए अँड डब्ल्यू ही आणखी दोन नावे घेतली. २०११ मध्ये ती दोन्ही विकून टाकली आणि जोडदुकानांचा जोरही ओसरला. तळणीचे आणि भट्टीचे काम एकाच ओट्यावर आले की दोन्हींचा वेग मंदावतो. पुण्यातल्या एका चांगल्या चालत्या मिसळवाल्याने पिझ्झाची भट्टी लावली तेव्हा त्याच्या हिशेबात मी हेच पाहिले. सकाळी नऊच्या गर्दीत आचारी भट्टीशी अडकायचा आणि टेबले रिकामी होईनात. पिझ्झ्यावर मिळालेले पैसे मिसळीवर बुडाले.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यमची जगभरात साठ हजारांहून अधिक दुकाने आहेत आणि त्यातली सुमारे ९८ टक्के ती स्वतः चालवत नाही. दुकान दुसऱ्याचे, कामगार दुसऱ्याचे, भाडे दुसऱ्याचे. यमला मिळते ती रॉयल्टी, म्हणजे नाव वापरू दिल्याचा मोबदला, बहुतेक ठिकाणी विक्रीच्या ४ ते ६ टक्के. भारतात देवयानी इंटरनॅशनल आणि सफायर फूड्स या दोन कंपन्यांनी केएफसी आणि पिझ्झा हट दोन्ही चालवायला घेतली. टाको बेल बर्मन हॉस्पिटॅलिटीकडे गेले. देवयानीच्याच समूहात वरुण बेव्हरेजेस ही पेप्सीच्या बाटल्या भरणारी कंपनी आहे. केएफसीच्या काउंटरवर पेप्सी मिळण्यामागे पेप्सिकोच्या काळापासूनचे नाते आहे.

तेव्हा "यमला जमतं" म्हणताना यमला काय जमते ते नीट पाहावे. तिला नावे सांभाळायला जमतात. चूल देवयानीसारख्यांनी सांभाळली आहे. माझा मावसभाऊ रोज पहाटे चारला कट टाकायला उठतो. त्याने स्वतःची तुलना करायची तर चूल सांभाळणाऱ्यांशी करावी.

त्यांच्याकडे पाहिले तर चित्र बदलते. भारतात डोमिनोज चालवणारी ज्युबिलंट फूडवर्क्स घ्या. डोमिनोज भारतात १९९६ साली आले आणि आज त्याची दोन हजारांहून अधिक दुकाने आहेत. घरपोच पिझ्झ्यात या कंपनीचा हात धरणारे कुणी नाही. तिनेच २०१२ साली डोनट-कॉफीचे डंकिन आणले, ते डोमिनोजसारखे कधीच पसरले नाही. माणसे कसबी, भांडवल भरपूर, तरी दुसऱ्या नावाला पहिल्याचे यश आपोआप लागले नाही.

मॅकडोनाल्ड्सची वाट: नाव एकच

मॅकडोनाल्ड्सनेही अनेक नावांचा मोह धरून पाहिला होता. १९९८ मध्ये चिपोटले या मेक्सिकन पदार्थांच्या साखळीत पैसे घातले, १९९९ मध्ये डोनाटोज पिझ्झा घेतले, २००० मध्ये बॉस्टन मार्केट ही कोंबडीच्या जेवणाची साखळी. २००७ पर्यंत तिन्हींतून बाहेर पडली. चिपोटले पुढे प्रचंड वाढले, म्हणजे ते नाव वाईट नव्हते. पण तेव्हा मॅकडोनाल्ड्सची स्वतःची दुकाने ढेपाळत होती आणि मालकाचे लक्ष दुसरीकडे राहणे परवडणारे नव्हते. २०२३ च्या शेवटी कॉस्मिक्स नावाने पेयांची वेगळी दुकाने काढली आणि दीड वर्षात ती बंद करण्याचे जाहीर केले. पेये मात्र सोडली नाहीत, ती जुन्याच दुकानांत आणायची ठरवली.

हीच तिची खरी रीत. नवे काही आणायचे तर त्याच दारातून. मॅककॅफे हे दुकानातलेच कॉफीचे काउंटर १९९३ मध्ये मेलबर्नला सुरू झाले; पश्चिम आणि दक्षिण भारतात मॅकडोनाल्ड्स चालवणाऱ्या वेस्टलाइफने ते २०१३ पासून इथे आणले. दुकान तेच, भाडे तेच, दुपारी चारला रिकाम्या बसणाऱ्या खुर्च्या त्याच. त्यावर कॉफीची विक्री वाढली.

याचा पुण्यातला अर्थ सरळ आहे. मिसळीचे दुकान सकाळी सात ते दुपारी दोन भरते आणि मग ओस पडते. संध्याकाळी तिथेच भजी, वडा, थालीपीठ सुरू केले तर नवा गाळा नको, नवे डिपॉझिट नको, नवे नाव लोकांच्या तोंडी बसवायला लागणारी दोन वर्षे नकोत. या वाटेची मर्यादाही आहे. मूळ नावाने लोकांना दिलेल्या शब्दात जे बसते तेवढेच त्या दारातून आणता येते.

आपल्याकडची खास अडचण: मटण

इथे थोडे थांबायला हवे, कारण अमेरिकेतली कुठलीही तुलना हा प्रश्न सोडवत नाही. मावसभावाची मिसळ शुद्ध शाकाहारी. रविवारी सकाळी तीन पिढ्या एकत्र येतात, त्यातली आजी भांडी कुठली हे विचारून बसते. त्याच पाटीवर "मटण थाळी" लिहिली तर ती आजी येणार नाही, आणि ती नाही म्हणजे त्या टेबलावरचे सहाही जण नाहीत. मॅकडोनाल्ड्सने भारतात गोमांस आणि डुकराचे मांस वगळले, स्वयंपाकघरात शाकाहारी आणि मांसाहारी विभाग वेगळे ठेवले, आणि मगच एकाच नावाखाली दोन्ही खपवले. पण ती पहिल्या दिवसापासून मिश्र दुकान म्हणूनच आली होती. जे दुकान पंधरा वर्षे शाकाहारी म्हणून ओळखले गेले, त्याला ती सवलत मिळत नाही.

म्हणून मटण करायचेच असेल तर यमची वाट पूर्ण घ्यावी लागते: वेगळे नाव, वेगळा गाळा, वेगळी भांडी, वेगळा आचारी. सामाईक राहू शकते ते कोरडे सामान. कांदा, लसूण, सुके खोबरे, मिरची, तेल मार्केट यार्डातून एकत्र घेता येईल. हिशेब, पगारपत्रक, गॅसचा पुरवठादार एक ठेवता येईल. ती बचत खरी आहे, पण दोन दुकानांवर तुटपुंजी आहे. यमच्या सहकारी खरेदीमागे हजारो दुकाने आहेत.

एकाच मालकाची वेगवेगळी नावे पुण्याला नवी नाहीत. जगन्नाथ शेट्टी यांची वैशाली, रूपाली आणि आम्रपाली ही तीन नावे डेक्कन-फर्ग्युसन भागातल्या कित्येक पिढ्यांनी पाहिली. तीन नावे असली तरी हाताची चव आणि शिस्त एकाच जातीची होती, दुकाने हाकेच्या अंतरावर होती आणि मालक स्वतः तिथे असायचा. कर्वेनगर, सिंहगड रस्ता आणि बाणेर यांच्यामध्ये संध्याकाळची वाहतूक आहे. मालकाच्या एका फेरीत दोन तास जातात, आणि हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

रेबेलची वाट: चूल एक, पाट्या अनेक

ही वाट ज्यांनी चालून दाखवली त्यांची सुरुवात पुण्यातलीच. फासोज हे रोलचे दुकान जयदीप बर्मन आणि कल्लोल बॅनर्जी यांनी इथे सुरू केले. तीच कंपनी पुढे रेबेल फूड्स झाली. बेहरूझ बिर्याणी, ओव्हनस्टोरी पिझ्झा, स्वीट ट्रुथ ही तिची नावे. गिऱ्हाईक बसायला येत नाही, म्हणून दर्शनी भाग नाही, मुख्य रस्त्याचे भाडे नाही. एकाच स्वयंपाकघरातून अनेक नावांची पार्सले निघतात. यमला जोडदुकानात जे साधले नाही ते यांना साधले, कारण यांची स्वयंपाकघरे मुळात त्यासाठीच आखलेली. पदार्थांचे बरेच काम आधीच दुसरीकडे होते आणि शेवटची जुळणीच तिथे होते.

मावसभावाचा भटारखाना तसा आखलेला नाही. शिवाय ॲपवर नाव दिसायचे तर कमिशन आणि जाहिरात दोन्ही द्यावे लागते, तेही प्रत्येक नावासाठी वेगळे. आणि चार नावांखाली एकाच पत्त्यावरचे, एकाच परवान्याचे अन्न आहे हे गिऱ्हाइकाला कळते. मिसळ चांगली पण बिर्याणी फसली, तर राग मिसळीवरही निघतो. दुपारी दोनच्या पुढे रिकाम्या राहणाऱ्या चुलीसाठी एखादे जास्तीचे नाव, तेही शाकाहारीच, इतपत मी याला मान्यता देईन. चार नावे नकोत.

आणि दुसऱ्याचेच नाव घेतले तर?

बाणेरच्या गाळ्यासाठी हाही प्रस्ताव त्याला आलाच. यात एक हिशेब लोक विसरतात. समजा महिन्याची विक्री ८ लाख आणि रॉयल्टी ६ टक्के, म्हणजे ४८,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ८,६४०. रेस्टॉरंट ५ टक्के दराने कर भरते तेव्हा त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे आधी भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, म्हणून हे ८,६४० वजा होत नाहीत; खिशातूनच जातात. गाळ्याच्या भाड्यावर जीएसटी असेल तर त्याचेही तसेच. जाहिरातीचा वाटा वेगळा. प्रस्तावाच्या कागदावर "६ टक्के" एवढेच लिहिलेले असते.

नावाच्या मालकाकडे हुकमाचे सगळे पत्ते असतात हेही विसरू नये. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये यमने पिझ्झा हटसाठी विक्रीसह सगळे पर्याय तपासत असल्याचे जाहीर केले. अनेक नावे असलेल्या कंपनीला एक नाव सोडता येते. ज्याने कर्ज काढून त्या एका नावाची पाटी लावली, त्याच्याकडे तेवढेच असते.

माझा सल्ला

बाणेरला मिसळच, त्याच नावाने, आणि तेही मसाला आणि कट एका जागी करून तिन्हीकडे पाठवायची व्यवस्था आधी बसवून. आज दोन दुकानांत दोन आचारी आपापल्या हाताने मसाला घालतात आणि सिंहगड रस्त्याची मिसळ थोडी सौम्य लागते हे नेहमीच्या गिऱ्हाइकाला माहीत आहे. हे एक झाले की खरेदी, हिशेब आणि मसाला यांचा सामाईक कणा तयार होतो. दुसरे नाव त्यावरच उभे राहू शकते.

मटण थाळी त्यानंतर, आणि एका अटीवर: ती सांभाळायला घरातला किंवा भागीदारीतला दुसरा माणूस हवा, ज्याचा त्या दुकानाशिवाय दुसरा उद्योग नाही. मावसभावाची बायको कोल्हापूरची आहे, पांढरा रस्सा तिच्या हातचाच खावा. आणि ती आज दोन्ही दुकानांचा गल्ला सांभाळते. गल्ल्यावर तिच्या जागी कुणाला बसवायचे ते आधी ठरवा, असे मी दोघांना सांगितले आहे.