तंदुरी की मुसल्लम? घरच्या ओटीजीत काय जमेल

तंदुरी चिकन फाळणीनंतर दिल्लीत, दर्यागंजच्या मोती महलमुळे गाजलं. मुर्ग मुसल्लम मात्र मुघल-अवधी दस्तरखानावरचं.

ठाण्याच्या फ्लॅटमधल्या ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, फसतं ते बहुधा तंदुरी. दह्याला पाणी सुटतं, कोंबडी भाजण्याऐवजी वाफवते. किलोभर चिकनला 200 ग्रॅम दही फडक्यात बांधून टांगा. इथल्या दमट उकाड्यात फ्रिजमध्येच, नाहीतर आंबतं. मांड्यांना हाडापर्यंत चिरे द्या, हे घट्ट दही चोळा. जाळीवर, 220 अंशांना 40 मिनिटं. सांध्याशी रस गुलाबी दिसला तर आणखी ठेवा.

मुसल्लमला कोंबडी अख्खी, बिनकातडीची. चिकनवाल्याला आधीच बजावा. पोटात उकडलेली अंडी, अंगाला तळलेला कांदा-काजूचं वाटण, झाकून 180 अंशांना सव्वा तास. तंदूर नसताना हेच जास्त खात्रीचं, कारण याला धगीपेक्षा दम, म्हणजे झाकून मंद शिजणं, लागतो.