इंग्रजी शब्दांचं पेड ॲप, वर्षभर वापरून : चार पर्यायांनी घात केला

रिन्यूअलचे 1,799 रुपये खात्यातून कापले जाणार असा मेसेज आला आणि हा अनुभव लिहायचं ठरवलं. ॲपमध्ये सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण कुठे सापडेना. कस्टमर केअरला मेल केले, तर दरवेळी तेच छापील उत्तर. शेवटी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपेचं मॅन्डेटच, म्हणजे दरवेळी आपोआप पैसे कापायची आपण दिलेली परवानगीच, रद्द केलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी वजावट होण्याआधी किमान 24 तास ग्राहकाला कळवावं लागतं आणि मॅन्डेट आपल्या बाजूने रद्द करता येतं. कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसू नका.

पण ॲप पैशांपायी सोडलं नाही. काम झालं असतं तर दुप्पटही दिले असते.

मुलगी अकरावीला आहे. दहावी सेमी-इंग्रजीतून, आता क्लॅटची, म्हणजे लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी. विज्ञान-गणिताचं इंग्रजी तिला जमतं, पण वर्तमानपत्रातला अग्रलेख वाचताना दर दोन ओळींनी अडते. म्हणून हे ॲप घेतलं. रचना बहुतेकांना ठाऊक असेल: रोज दहा शब्द, क्विझ, स्ट्रीक, बॅज. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, वर्षभर फक्त चार पर्याय.

मेटिक्युलस या शब्दाचंच बघा. एक पर्याय ‘बारीकसारीक गोष्टींची काळजी घेणारा’, बाकीचे ‘तहानलेला’, ‘रिकामा’ आणि ‘घाबरट’. वाक्य दिलेलं, ‘शी कीप्स मेटिक्युलस रेकॉर्ड्स’. शब्द जन्मात न ऐकलेला माणूसही बरोबर उत्तर देईल. दोनदा बरोबर आलं की हिरवी खूण, ‘मास्टर्ड’. पोरगी खूश, मीही खूश.

मग तिला 2019 च्या सांगलीच्या पुरावर इंग्रजीत एक परिच्छेद लिहायला सांगितला. पूर आम्ही दारात पाहिलाय, सांगण्यासारखं भरपूर होतं. लिहिताना मात्र सगळीकडे ‘व्हेरी बिग प्रॉब्लेम’ आणि ‘व्हेरी बॅड सिच्युएशन’. एक्झॅसर्बेट, फॉर्मिडेबल, इनन्डेट, सगळ्यांना हिरव्या खुणा होत्या. त्यांतला एकही कागदावर आला नाही. ॲपमधला दुसरा एक शब्द आला, तो असा: ‘द शॉपकीपर मिटिगेटेड द प्राइस’. ॲपने अर्थ दिला होता ‘कमी करणे’, तिने भाव कमी केला. मिटिगेट रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट यांच्याबरोबर येतो, भावाबरोबर नाही, हे तिला सांगणार कोण? ती म्हणाली, “आई, मला तो ओळखता येतो गं, पण वापरायला गेले की अडतं.”

सगळं दुखणं तिथेच आहे. समोर आलेला शब्द ओळखणं वेगळं आणि मनात अर्थ असताना शब्द काढणं वेगळं. चार पर्याय फक्त पहिल्याची तयारी करून घेतात, तीही अर्धवट. क्लॅटमध्ये 2020 पासून सगळे प्रश्न उताऱ्यांवर असतात. इंग्रजीचा उतारा साधारण 450 शब्दांचा, आणि विचारतात ते त्या उताऱ्यात त्या शब्दाचा अर्थ काय. तिथले चारही पर्याय सख्खे शेजारी असतात; ‘तहानलेला’ कुणी देत नाही.

एवढं असूनही ॲप लगेच काढलं नाही, कारण मधल्या काळात मत थोडं बदललं. त्यातला मूळ धातूंचा विभाग खरंच सुरेख आहे. बेने म्हणजे चांगलं, त्यातून बेनेव्होलंट, बेनिफॅक्टर, बेनाइन. मॅल म्हणजे वाईट, त्यातून मॅलिशियस, मॅलेव्होलंट, मॅलाइन. संस्कृत धातू पाठ केलेल्या मुलांना ही रीत पटकन उमगते. उच्चारही नीट दिलेत. फोटोग्राफमध्ये जोर पहिल्या अक्षरावर, फोटोग्राफीत दुसऱ्यावर, फोटोग्राफिकमध्ये तिसऱ्यावर; हे कानांनी ऐकल्याशिवाय कळत नाही आणि आपल्याकडच्या वर्गात कुणी ऐकवत नाही. तेवढ्यासाठी मी दोन स्टार वाढवले होते.

दिवाळीच्या सुट्टीत ते परत काढून घेतले. जूनमधले हिरव्या खुणांचे शब्द पर्याय न देता विचारले, तर निम्म्याहून जास्त आठवेनात. ‘मास्टर्ड’ झालेला शब्द हे ॲप पुन्हा कधी समोर आणतच नाही! पाठ केलेलं किती वेगाने विसरतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. वाढत्या अंतराने उजळणी हवी, हे आज शाळकरी मुलंही सांगतात. पैसे घेणाऱ्या ॲपला ते माहीत नसावं?

शब्दांची निवडही धड नाही. कुणी कधी न लिहिणारे शोभेचे शब्द महिनाभर चालले होते. त्यापेक्षा न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेली अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट घ्या. 570 शब्दकुळं (एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक कूळ), इंटरनेटवर फुकट, आणि अभ्यासाच्या मजकुरातले सुमारे 10 टक्के शब्द त्यातलेच. अ‍ॅनालाइज, कॉन्ट्रॅडिक्ट, इम्प्लिसिट, सस्टेन असे. अकरावी-बारावीच्या मुलाला आधी हे हवेत.

आता आम्ही अँकी वापरतो, म्हणजे प्रश्न-उत्तराच्या कार्डांची वाढत्या अंतराने उजळणी घेणारं ॲप. दिसायला रुक्ष आहे, बॅज नाहीत, पण कार्ड आपणच करायचं. पुढच्या बाजूला तिने स्वतः लिहिलेलं वाक्य, त्यात रिकामी जागा, मागे शब्द. ‘द एम्बँकमेंट डिड नॉट ___ द डॅमेज.’ पर्याय नाहीत. आठवलं तर आठवलं, नाहीतर ‘अगेन’ दाबा. शब्द कशाबरोबर येतो हे बघायला ऑक्सफर्डच्या लर्नर्स डिक्शनरीची वेबसाइट, तीही फुकट. एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की अँकी त्यावर खूण करतं; ते बाजूला काढून, वाक्य बदलून आम्ही पुन्हा आत घालतो. बहुतेक वेळा दोष वाक्यातच निघतो. गेल्या आठवड्यात तिच्या निबंधात सस्टेन आला, न सांगता आणि बरोबर जागी. फार बरं वाटलं.

ज्यांच्या मुलांना फक्त धातू आणि उच्चार हवेत त्यांनी पेड ॲप एक महिन्यासाठी घ्यावं, वर्षाचं नको, आणि ऑटोपे तर नकोच. अँकी कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर पूर्ण फुकट आहे. आयफोनवर मात्र एकदाच पैसे पडतात. बसवल्यावर पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन रोजच्या नव्या कार्डांचा आकडा 20 वरून 5 करा. 20 ठेवलात तर महिन्याभरात उजळणीचा ढीग रोज शंभराच्या पुढे जातो, आणि कॉलेज, क्लास उरकून आलेलं पोर तो ढीग बघून फोन बाजूला ठेवतं.